लाल कापडाचा घोळ

माझा राग नाकावर असतो असं सगळे म्हणतात. साफ खोटं. नाकावर असता तर मला दिसला नसता का? आमचे हे म्हणतात, "तो डोक्यात असतो, म्हणून तुला सोडून सगळ्यांना दिसतो." हे बस चालवतात, दिवसभर लोकांची बोलणी खातात आणि घरी येऊन मला असली उत्तरं देतात. असो. सांगायचंय ते वेगळंच आहे, आणि त्यात मी कुणावरही ओरडले नाही हे आधीच सांगून ठेवते. एकदा ओरडले, पण ते मशीनवर.

मी सरकारी दवाखान्याच्या तळघरात, धुलाई विभागात काम करते. वरच्या सगळ्या वॉर्डांच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट, सगळं आमच्याकडे येतं. आम्ही ते उकळतो, पिळतो, वाळवतो, इस्त्रीच्या रोलरखालून काढतो आणि घड्या घालून परत वर पाठवतो. वर गेलेलं दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली. संसारासारखंच आहे, फक्त इथे पगार मिळतो.

माझ्याबरोबर माझी नणंद काम करते. तिला सगळे चिमणी म्हणतात. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ती शाळेत जायची आणि मूठभर होती, म्हणून चिमणी. आता चांगली अंगाने भरलीय, चाळिशीकडे झुकलीय, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. स्वभाव मात्र अजून नावाला शोभणारा. चार लोकांत बोलायची वेळ आली की हिच्या तोंडाला कुलूप. सख्ख्या भावाशीसुद्धा अर्धं वाक्य बोलते आणि उरलेलं अर्धं माझ्यावर सोडते. नवऱ्याने टाकलं तेव्हा पिशवी घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "वहिनी, मी आले." मी म्हटलं, "आत ये." त्या विषयावर त्यापुढे आमच्या घरात कुणी चकार शब्द काढला नाही. काढून बघायचा होता कुणी.

तर ही चिमणी गेलं वर्षभर गुपचूप अभ्यास करत होती. भांडी आवरली की स्वयंपाकघरातच ओट्याला पाठ टेकून बसायची. आमच्याच आवारात, भिंतीपलीकडे, दवाखान्याचं नर्सिंग कॉलेज आहे, त्याची परीक्षा द्यायची होती तिला. मला सोडून कुणाला पत्ता नव्हता. भावाला सांग म्हटलं, तर म्हणाली, "नापास झाले तर?" पास झाले तर काय, हे तिच्या डोक्यातच नव्हतं. आणि बाई पास झाल्या. निवड झाली. सोमवारी हजर व्हायचं होतं.

आणि नेमकी याच वर्षी कॉलेजची फी तिप्पट केली.

मला काय वाटलं ते सांगून उपयोग नाही, छापण्यासारखं नाही ते. चिमणी "जाऊ दे वहिनी," म्हणाली आणि अभ्रे मोजायला लागली. त्या "जाऊ दे"चाच मला जास्त राग आला. हिने आयुष्यभर तेवढंच केलंय.

आमची युनियन या फीवरून आधीच पेटली होती. आमचे अध्यक्ष म्हणजे एक्स-रे विभागातले. दिवसभर अंधाऱ्या खोलीत एकटे बसतात, त्यामुळे बाहेर उजेडात चार माणसं दिसली की यांना भाषण सुटतं. पण एकदा गेटवर जे बोलले ते माझ्यासारखीलाही पटलं. म्हणाले, "वर एक सिस्टर दोन दोन वॉर्ड बघते. का? तर म्हणे नर्स मिळत नाहीत. मिळतील कशा? गरिबाच्या पोरीला शिकायला महाग करून ठेवायचं आणि मग रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवायचं. फी जुनी करा, जागा भरा, पेशंटला माणूस मिळू द्या." मी टाळ्या वाजवल्या. मी सहसा वाजवत नाही, हात आधीच दुखत असतात.

शुक्रवारी वार्षिक पाहणीला समिती येणार होती. कॉलेजची फी ठरवणारी समितीही तीच. युनियनने भेटीची वेळ कितीदा मागितली, पण अधीक्षकसाहेब प्रत्येक वेळी म्हणायचे, समितीला वेळ नाही. म्हणून गुरुवारी गेटवर सभा घेतली. त्यासाठी आमच्या टेलरकाकांनी, म्हणजे फाटक्या चादरी शिवतात त्यांनी, नवाकोरा फलक केला होता. लालभडक कापड, त्यावर जुन्या चादरीतून कापलेली पांढरी अक्षरं: शिकणं परवडू द्या, दवाखान्याला नर्स द्या. अक्षरं इतकी देखणी बसवली होती की मी काकांना म्हटलं, काका, माझ्या लग्नात कुठे होतात?

सभेत धक्काबुक्की नाही, गडबड नाही, सगळं शिस्तीत झालं. फक्त शेवटी अध्यक्षांचा हात जोशात असा काही फिरला की चहाची आख्खी किटली फलकावर. मग आम्ही पांगल्यावर त्यांनीच धावपळ करून तो ओला फलक एका जुन्या चादरीत गुंडाळला, चहा गळू नये म्हणून दोन गाठी मारल्या आणि आमच्या विभागात कपड्यांच्या गाडीवर ठेवून गेले. टेलरकाकांनी सकाळी थंड पाण्यात हाताने धुवावा, असा त्यांचा बेत. बेत चांगला होता. फक्त तो त्यांनी कुणाला सांगितला नाही.

आता आमच्या खात्यातली एक गोष्ट. वॉर्डातून साधे मळके कपडे एका गाठीच्या गाठोड्यात येतात, ते आम्ही सोडून वेगळे करतो. पण संसर्गाच्या वॉर्डातलं गाठोडं दोन गाठींचं असतं. दोन गाठी म्हणजे सोडायचं नाही, बघायचं नाही, हुंगायचं नाही, तसंच्या तसं मशीनमध्ये टाकायचं आणि सोडा घालून उकळायचं. आतल्या आत घुसळून गाठी सुटतात. कामाला लागल्याच्या पहिल्या दिवशी हे शिकवतात, आणि माझ्या तर हाडात मुरलंय. झोपेत कुणी दोन गाठी दाखवल्या तरी मी उचलून उकळत्या पाण्यात टाकीन.

शुक्रवारी सकाळी मी झोपेत नव्हते. पण दोन गाठी दिसल्या, आणि टाकलं. पाहणीचा दिवस म्हणून मोठं मशीन वॉर्डांच्या चादरींनी गच्च भरलं होतं, त्यातच तेही.

मशीनचं दार उघडलं तेव्हा आधी वाटलं, माझे डोळे गेले. सगळं गुलाबी. चादरी गुलाबी, अभ्रे गुलाबी, आणि वर कळस म्हणजे अधीक्षकसाहेबांचे खास दोन पांढरे कोट, तेही गुलाबी. फिकट, गोड, लहान बाळाच्या झबल्यासारखा रंग. मी मशीनवर ओरडले. काय ओरडले ते टेलरकाकांनी ऐकलं आणि त्यांनी कानावर हात ठेवले. मग चिमणीने आत हात घालून फलक बाहेर ओढला. कापड गुलाबी, अक्षरं गुलाबी, एक अक्षर वाचता येईल तर शपथ.

"अगं बाई," एवढंच म्हणून ती खाली बसली.

मी म्हटलं, पुन्हा उकळू, रंग काढू. तेवढ्यात वरून सिस्टरचा फोन. "मावशी, चादरी पाठवा."

"सिस्टर, जरा घोळ झालाय. रंग लागलाय."

"कसला का रंग असेना. माझे पेशंट नुसत्या रेक्झिनवर पडलेत, पाठी चिकटतायत त्यांच्या. पाठवा."

दुसरा जोड आमच्याकडे नाही. पूर्वी असायचा. एक जोड अंगावर, एक धुण्यात, असं चालायचं. मग बचतीच्या नावाखाली नवीन खरेदी थांबली आणि फाटतील तशा चादरी कमी होत गेल्या. तेव्हा गुलाबी चादर किंवा उघडी गादी, एवढंच होतं हातात. आम्ही वाळवलं, घड्या घातल्या आणि पाठवून दिलं. दोन तासांत आख्खा दवाखाना गुलाबी झाला, आणि त्यानंतर दारात समितीची गाडी उभी राहिली.

अधीक्षकसाहेब तळघरात आले. माझ्या आख्ख्या नोकरीत ते पहिल्यांदा खाली आले, त्यामुळे जिना संपल्यावर कुठे वळायचं तेही त्यांना कळलं नाही, टेलरकाकांनी वाट दाखवली. चेहरा लालबुंद.

"हे कुणी केलं?"

"मी केलं, साहेब."

"मुद्दाम केलं. युनियनचा रंग चढवला माझ्या दवाखान्यावर, तोही समितीसमोर. ही तोडफोड आहे. विभागातल्या एकूणएक माणसावर चौकशी लावतो. बढती, रजा, शिक्षणाची परवानगी, सगळं बंद."

बाकीचं राहू दे, शिक्षणाची परवानगी एवढंच मला ऐकू आलं. नोकरी सांभाळून कॉलेजला जायचं तर हीच परवानगी लागते. म्हणजे फी कमी झाली तरी चिमणीचं दार बंद, आणि बंद करणारी कोण, तर मी. माझ्या या दोन हातांनी. मी तिच्याकडे बघितलं. ती घडी घातलेली चादर पुन्हा पुन्हा सारखी करत होती.

तेवढ्यात अध्यक्ष धापा टाकत आले. बातमी त्यांना लागली होती आणि ते भलतेच खूश दिसत होते. मला बाजूला ओढून कानात म्हणाले, "वहिनी, काय डोकं चालवलंत. आता माघार घेऊ नका. निषेध म्हणून केलं असंच सांगायचं. याची नोंद होईल आपल्या लढ्यात."

"डोकं नाही चालवलं, गाठी बघितल्या. दोन गाठी कुणी मारल्या?"

त्यांनी आठवून बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. "चहा गळत होता हो," म्हणाले.

मी आणखी काही बोलणार, एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि समितीच खाली आली. पुढे त्यांच्या प्रमुख, पांढऱ्या केसांच्या डॉक्टरीणबाई, मागे तीनचार माणसं. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वर सगळे पेशंट विचारतायत की आज काय विशेष. एक आजोबा तर म्हणाले, रोज असंच ठेवा. मला कुणी सांगेल का, काय विशेष?"

साहेब म्हणाले, "तोडफोड." अध्यक्ष म्हणाले, "निषेध." दोघंही एकदम बोलले. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मनात म्हटलं, आता काय व्हायचं ते होऊ दे, आणि सगळं सांगितलं. किटली, चहा, दोन गाठी, सोडा, उकळतं पाणी. निषेध नाही, तोडफोड नाही, सवयीने झालेला गाढवपणा. आणि दुसरा जोड असता तर एकही गुलाबी चादर वर आली नसती, हेही सांगितलं. अध्यक्ष जमिनीकडे बघत होते. युनियनची शोभा झाली होती, आणि ती मी चारचौघांत केली होती.

बाई हसायला लागल्या. चांगल्या खदखदून, भिंतीला हात टेकून हसल्या. म्हणाल्या, "फलकावर लिहिलं काय होतं?"

फलक पुढे धरला तर वाचता येतंय कुणाला. शेवटी टेलरकाकांनी बोट फिरवत, शिवणीवरून ओळखत वाचून दाखवलं. शिकणं परवडू द्या, दवाखान्याला नर्स द्या.

साहेबांना आता धीर आला. "बाई, ही नुसती घोषणाबाजी आहे. यांच्यातलं खरंच कोण शिकायला जाणार आहे? कपडे धुणारी माणसं ही. पुढाऱ्यांना भांडायला विषय हवा, एवढंच."

अध्यक्षांनी छाती फुगवली, पण बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. "तुम्ही नको. इथे खरंच कुणाला शिकायचं असेल, तर त्यांनी स्वतः सांगावं."

वाळवणी यंत्राची घरघर तेवढी चालू. माझी जीभ वळवळत होती. हिला, हिला शिकायचंय, निवड झालीय हिची, असं मी छपरापर्यंत ऐकू जाईल असं ओरडू शकले असते. पण मला दिसत होतं, मी बोलले तर साहेब म्हणणार, बघा, हिची नणंद, हिनेच पढवलीय. मी दातांत जीभ धरली. खोटं नाही सांगत, मला बाळंतपण सोपं गेलं होतं त्यापेक्षा.

चिमणी तशीच उभी. मी मनात म्हटलं, जाऊ दे म्हणाली ना आता, तर घरी जाऊन हिच्याशी मी बोलणार नाही.

"मी," ती म्हणाली.

आवाज इतका बारीक की बाई दोन पावलं पुढे आल्या. "काय म्हणालात?"

"मला शिकायचंय. माझी निवड झालीय. सोमवारी हजर व्हायचंय, पण फी तिप्पट झालीय, ती मला झेपत नाही." इथे ती थांबली. मला वाटलं, संपलं, उरलेलं अर्धं वाक्य आता माझ्याकडे येणार. पण तिने माझ्याकडे बघितलंच नाही. "माझी आई वर वॉर्डात होती. सिस्टर एकच, दोन वॉर्डांना. बिचारी धावायची, पण आईपर्यंत पोचायला तिला वेळ व्हायचा. आईला कूस बदलायची असायची, ती माझ्याकडे बघायची. मी ओढायचे, पण मला जमायचं नाही. तिला दुखायचं. ती ओरडायची नाही, ओठ दाबायची. या चादरी मी रोज धुते, पण आई अंथरुणात असताना त्या कशा बदलायच्या ते मला येत नव्हतं. मला ते शिकायचंय. बाकी काही नाही."

सासूबाई गेल्या तेव्हा मी दिवसपाळीला असायचे आणि चिमणी त्यांच्याजवळ बसायची. हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. आम्ही एका घरात राहतो, एकच गाडी दोघी मिळून ढकलतो, आणि हे मला त्या परक्या बाईंच्या बरोबर कळलं. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, लपवण्यासारखं काही नव्हतं.

बाई आता हसत नव्हत्या. त्यांनी चिमणीला एवढंच विचारलं, "सोमवारी किती वाजता?" आणि सगळ्यांना घेऊन वर गेल्या.

दुपारनंतर अध्यक्ष जिन्यावरून उड्या मारतच आले. यंदा निवड झालेल्या सगळ्यांना जुनीच फी. कामावरच्यांना पाळी बदलून मिळणार. चादरींचा दुसरा जोड मंजूर. चौकशी नाही, मला फक्त तोंडी समज. नर्सच्या रिकाम्या जागा मात्र विचाराधीन. विचाराधीन म्हणजे काय ते आम्हाला चांगलं कळतं, आम्ही पुन्हा गेटवर जाणार. टेलरकाकांनी त्याच संध्याकाळी नवीन फलकाचं माप घेतलं, आणि अध्यक्षांना बजावलं की तुम्ही भाषण करा, पण किटलीपासून लांब.

घरी चिमणीने भावाला स्वतः सांगितलं. आख्खं वाक्य, सुरुवात आणि शेवट दोन्ही असलेलं. यांनी जेवतच ऐकलं. "मला माहीत होतं," म्हणाले. "स्वयंपाकघरात बसून वर्षभर पाठ करत होतीस, मला काय ऐकू येत नाही? बसचा भोंगा वाजवून बहिरा झालोय असं वाटलं का तुम्हाला?"

"मग बोलला का नाहीत?" मी म्हटलं.

"तुम्ही दोघी लपवत होतात, त्यात मी कशाला तोंड घालू?"

या माणसापुढे मी हात टेकले. चिमणी मात्र हसली, आणि तिने त्यांना आणखी वाढलं.

सोमवारी ती गेली. माझ्या समोर घड्या घालायला चिमणीच्या जागी एक नवीन बाई दिली, ती चादरीचं टोक भलतीकडेच नेते. मी तिला काही बोलले नाही. पहिलाच दिवस होता तिचा.

संध्याकाळी चिमणी घरी आली, चप्पल काढायच्या आधी म्हणाली, "वहिनी, आत चला आणि पलंगावर झोपा."

"मला काय झालंय?"

"झोपा तर. आज पहिला तास चादर बदलण्याचा होता. पेशंट अंथरुणात असताना."

मला हसूच आवरेना. म्हटलं, याच्यासाठी आख्खा दवाखाना गुलाबी केला आपण? आयुष्य चादरींत गेलं आणि कॉलेजात जाऊन बघते तर पुन्हा चादरच? ती पलंगाकडे बोट दाखवून उभी राहिली, म्हणून मी जाऊन आडवी झाले.

तिने माझ्या खांद्याखाली एक हात घातला, कमरेखाली एक. "सैल सोडा," म्हणाली. आणि मला वळवलं. इतकं अलगद की मी वळले हे मला नंतर कळलं. पाठीमागे जुनी चादर गुंडाळली, नवी सरकवली, पुन्हा वळवलं. उभं राहून राहून माझी पाठ कायमची धरलेली असते, ती कुठे दुखलीच नाही.

"दोन्हीकडून एकदम धरायचं असतं," चिमणी म्हणाली. "मी आईला नुसतं हाताला धरून ओढत होते."

मी तशीच कुशीवर पडून राहिले आणि म्हटलं, "परत एकदा करून दाखव."